पौषातले पाणी, कार्तिकातली सुरुवात

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील गावांतून भर हिवाळ्यात, पहाटेच्या अंधूक उजेडात, समुद्रात उतरणाऱ्या प्रौढ स्त्रीपुरुषांची छायाचित्रे अलीकडे आपल्याकडेही पुष्कळांच्या पाहण्यात येतात, आणि ती पाहून आपणही असे एखादे शीतजलस्नानाचे व्रत आरंभावे अशी ऊर्मी ज्यांच्या मनात उठते, त्या उत्साही मंडळींना आरंभीच एक अडचणीची गोष्ट सांगितली पाहिजे, ती ही की महाराष्ट्राचा समुद्र थंड नाही. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबर महिन्यात राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरतात, त्यांत लहान मुलांपासून साठी उलटलेल्या गृहस्थांपर्यंत शेकडो लोक भाग घेतात. परंतु त्या दिवसांत तेथील पाण्याचे तापमान सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या घरात असते, आणि अशा पाण्यात इंग्रज माणसाला उतरवले तर तो कुडकुडणार तर नाहीच, उलट हा समुद्र आहे की न्हाणीघरातला बंब असे विचारील. थंड पाण्याचा अनुभव ज्याला खरोखरच हवा असेल त्याने कोकणाची वाट सोडावी आणि नेमक्या उलट दिशेला, महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, मुंबईपासून रेल्वेने साडेनऊशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर असलेल्या गोंदिया जिल्ह्यात यावे.

समुद्रापासूनचे हे अंतर हेच येथील थंडीचे मुख्य कारण आहे. सागर दिवसाची उष्णता साठवून ठेवतो आणि रात्री ती सावकाश परत करतो, म्हणून मुंबईला किंवा रत्नागिरीला थंडी अशी पडतच नाही; झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, मुलखात मात्र आकाश निरभ्र झाले आणि उत्तरेकडचे कोरडे वारे मध्य प्रदेशाची सरहद्द ओलांडून येऊ लागले की सूर्यास्ताबरोबर जमीन निवू लागते, डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली जातो, आणि विदर्भातील नीचांकी तापमानाचे ठिकाण म्हणून गोंदियाचे नाव वर्तमानपत्रांतून वारंवार झळकते. थंडी आहे आणि पाणीही आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा मूळच्या भंडारा जिल्ह्याप्रमाणेच तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. मोठे तलाव शेकडो, आणि गावोगावच्या बोड्या, म्हणजे लहान तळी, धरल्या तर हजारो, अशी ही जलसंपत्ती बव्हंशी मानवनिर्मित आहे. गोंड राजांच्या अमदानीत येथे येऊन स्थायिक झालेल्या कोहळी समाजाने ती निर्माण केली, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखालची जमीन, अशी राजाज्ञा होती असे परंपरा सांगते. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी या पुरुषाने बांधला असेही ही परंपरा सांगते, आणि त्याच्याभोवतीच्या टेकड्यांना लोक आजही सात बहिणी म्हणून मान देतात. पुढे मालगुजारीच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, काळात या तलावांवर मालगुजारांचा ताबा आला, आणि म्हणूनच मालगुजारी नष्ट होऊन सात दशके उलटली तरी सरकारी दप्तरात त्यांचा उल्लेख 'माजी मालगुजारी तलाव' असाच होतो. लोकांनी त्याचे आटोपशीर 'मामा तलाव' करून टाकले आहे.

डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे या तलावांच्या पाळीवर उभे राहिले असता नवख्या माणसाची जी पहिली फसगत होते ती डोळ्यांची होय. पाण्याच्या पृष्ठभागावरून वाफांचे पांढरे लोट उठत असतात, आणि ज्यावरून वाफ निघते ते पाणी ऊनच असणार या घरगुती अनुभवाच्या बळावर माणूस बेधडक पुढे सरसावतो. त्या वाफेचा अर्थ एवढाच की पाणी हवेपेक्षा उबदार आहे. पाण्याची उष्णताधारणा मोठी असल्यामुळे ते रात्रभरात हवेइतके निवत नाही. तथापि हवा आठ अंशांवर असता त्याहून उबदार असलेले पाणी आपल्या कातडीहून, जिचे तापमान साधारण तेहतीस अंश असते, कितीतरी थंडच असते. त्यातही उथळ बोडीचे पाणी रात्रीच्या थंडीने लवकर गारठते आणि दुपारच्या उन्हाने लवकर तापते, खोल जलाशयाचे पाणी दोन्ही बाबतींत मंदगती असते. म्हणून एका तलावाचा अनुभव दुसऱ्या तलावाला लागू पडत नाही, आणि दोरीला बांधलेला साधा तापमापक पाण्यात सोडून पाहण्याची सवय हीच या उद्योगातली पहिली शिस्त ठरते.

आता हे थंड पाणी शरीराचे नेमके काय करते, हे जरा सविस्तर पाहणे भाग आहे, कारण या विषयासंबंधीचे बहुतेक लोकभ्रम येथेच दडलेले आहेत. थंड पाण्यात माणूस मरतो तो गारठून मरतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु इंग्लंडातील पोर्ट्समथ विद्यापीठाचे माईक टिप्टन आणि कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्त यांच्यासारख्या शरीरशास्त्रज्ञांनी आपली हयात या एका प्रश्नात घालवून असे दाखवून दिले आहे की गारठण्याची पाळी पुष्कळदा येतच नाही, त्याआधीच, पहिल्या दोन-तीन मिनिटांतच, अनर्थ होऊन जातो. त्वचेला एकाएकी थंडीचा स्पर्श होताच माणूस नकळत एक मोठा आचका देऊन श्वास आत ओढतो. त्यानंतर श्वासोच्छ्वास अनावर वेगाने चालू लागतो, नाडी उसळते, कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब चढतो, आणि एरवी मिनिटभर श्वास रोखू शकणाऱ्या माणसाला काही सेकंदही तो रोखता येत नाही. हा पहिला आचका ज्याचे तोंड पाण्याबाहेर आहे त्याच्या बाबतीत केवळ एक भीतीदायक क्षण ठरतो; ज्याने पाळीवरून सूर मारला आणि ज्याचे तोंड त्या क्षणी पाण्याखाली आहे, त्याच्या बाबतीत तोच आचका छातीत पाणी भरतो. तसेच, चेहरा पाण्यात बुडाला की हृदयाची गती मंदावण्याची आणि अंग थंड पाण्यात शिरले की ती वाढण्याची, अशा दोन परस्परविरुद्ध आज्ञा शरीराला एकदमच मिळतात, आणि त्या ओढाताणीत हृदयाचा ताल बिघडण्याचा संभव असतो. ही प्रतिक्रिया सुरू व्हायला बर्फाळ पाणी लागते असेही नाही. पाणी पंचवीस अंशांच्या खाली गेले की तिचा आरंभ होतो आणि दहा ते पंधरा अंशांच्या दरम्यान ती परमावधीला पोचते, म्हणजेच गोंदियातील हिवाळी तलावांचे पाणी तिच्या टप्प्यात चांगलेच येते.

दुसरी अवस्था हातापायांची. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. शरीर आपली ऊब हृदय-फुप्फुसांसाठी राखून ठेवण्याच्या खटपटीत हातापायांकडचे रक्त आवरते घेते, बोटे ताठरतात, हाताचे फटकारे आखूड पडू लागतात, पाय खाली ओढल्यासारखे होतात, आणि पट्टीचा पोहणारासुद्धा काठापासून पन्नास हातांवर निरुपाय होतो. गिसब्रेख्त यांनी गोठणबिंदूच्या जवळपासच्या पाण्यासाठी एक सुटसुटीत हिशोब सांगितला आहे, तो असा की श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतील अशी दहा मिनिटे, आणि शुद्ध हरपण्यापूर्वी सुमारे एक तास. आपल्याकडचे पाणी तितके थंड नसल्याने ही मुदत येथे लांबते. परंतु तिचा क्रम बदलत नाही, आणि नवशिक्याने लक्षात ठेवायचा तो क्रमच होय.

या सर्व भयावह वर्णनात एक दिलासा देणारी गोष्ट आहे. पहिल्या आचक्याची ही प्रतिक्रिया सवयीने मवाळ होते, आणि तेही आश्चर्य वाटावे इतक्या लवकर. दोन-तीन मिनिटांची अशी पाच-सहा स्नाने झाली की तिचा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि ही कमावलेली सवय काही महिने अंशतः टिकूनही राहते, असे टिप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांवरून दिसून आले आहे. म्हणजे थंड पाण्याचा अभ्यास करणाऱ्याला पराक्रमाची गरज नाही, गरज आहे ती योग्य मुहूर्ताची आणि नियमितपणाची.

आणि येथे मला आपल्या पंचांगाची आठवण होते. कोजागरीनंतर सुरू होऊन कार्तिकी पौर्णिमेला समाप्त होणारे कार्तिकस्नान आणि पौष पौर्णिमेपासून माघी पौर्णिमेपर्यंतचे माघस्नान ही दोन स्नानव्रते एकापुढे एक मांडून पाहिली तर दिसते ते असे. पहिल्याचा आरंभ ऑक्टोबरात होतो, जेव्हा पावसाळ्याने तुडुंब भरलेल्या तलावाचे पाणी अद्याप कोमटच असते. त्यानंतर दररोज पहाटे उतरणाऱ्या माणसाच्या अंगाला ते पाणी रोज इतके थोडे निवत जाताना भेटते की कालच्या आणि आजच्या पाण्यातला फरक कळू नये. आणि हलके धान घरात येऊन भारी धानाच्या कापणीचे दिवस लागेपर्यंत त्या माणसाची त्वचा, नाडी आणि श्वास तिन्हीही गारव्याला सरावलेली असतात. स्नानही मोठे नसते. काठाशी उभे राहून दोन-चार बुड्या, मुखाने नामोच्चार, आणि बाहेर. मोठ्याने स्तोत्र म्हणणाऱ्याचा श्वास आपोआप लांब निःश्वासाच्या रूपाने बाहेर पडतो, आणि थंड पाण्यात उतरताना नेमका तसाच श्वास सोडावा असे आजचे शिक्षक सांगतात. यावरून आपल्या पूर्वजांना शरीरशास्त्राचे हे सिद्धान्त अवगत होते असला दावा मी करणार नाही, तसले दावे मला नेहमीच उथळ वाटत आले आहेत. व्रत पुण्यासाठी होते, व्यायामासाठी नव्हे. परंतु पुण्यासाठी घातलेला क्रम प्रकृतीच्या सोयीचा निघाला एवढे मान्य करायला हरकत नसावी, आणि नवशिक्याने त्याचा फायदा घ्यावा हे तर उघडच आहे. जो गृहस्थ नववर्षाच्या संकल्पाच्या भरात १ जानेवारीला, म्हणजे ऐन पौषाच्या सुमाराला, प्रथमच तलावात उडी टाकतो तो या साऱ्या शिडीच्या पायऱ्या वगळून थेट माडीवर चढू पाहतो. थंड पाण्यात पोहण्याची सुरुवात थंडी पडण्यापूर्वी करावी, हा या लेखातला मुख्य मुद्दा होय.

इंग्लंडात ही प्रथा पुण्यलाभाच्या इच्छेतून नव्हे तर औषधातून आली. अठराव्या शतकाच्या मध्यास डॉ. रिचर्ड रसेल या वैद्याने गाठींच्या विकारांवर समुद्राचे पाणी गुणकारी असल्याचा ग्रंथ लिहिला आणि ब्रायटन या कोळ्यांच्या खेड्याचे भाग्य पालटले. पुढे औषधाला पराक्रमाची जोड मिळाली. १८७५ च्या ऑगस्टात कॅप्टन मॅथ्यू वेबने पावणेबावीस तासांत इंग्लिश खाडी पोहून पार केली. १९५८ मध्ये मिहिर सेन आणि १९५९ मध्ये आरती साहा या बंगालच्या जलतरणपटूंनी तोच पराक्रम करून भारताचे नाव त्या नोंदवहीत घातले. आणि २०१८ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या रोहन मोरे यांनी न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पार करून जगातील सात बिकट सागरी मार्गांची मालिका पूर्ण केली, तेव्हा तसे करणारे ते आशियातील पहिले ठरले. या थोरांची वाट आपली नव्हे. पण हे सारे थंड पाण्याला सरावले ते हळूहळूच, एवढे त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे.

प्रत्यक्ष कृतीकडे वळताना पहिली अट अशी की ज्याला पोहता येत नाही त्याने थंड तलावात पोहायला शिकू नये. उन्हाळ्यात, भोपळ्याची सांगड किंवा ट्यूब बांधून, जाणत्याच्या देखरेखीखाली ते आधी साधावे. पोहणाऱ्यानेही पहिल्या दिवशी पोहू नये. कमरेइतक्या पाण्यात सावकाश चालत जावे, हातांवर आणि मानेवर पाणी मारावे, तोंडाने फुंकर घातल्यासारखा लांब श्वास सोडीत राहावे, आणि श्वास पुरता ताब्यात आल्याखेरीज खांदे बुडवू नयेत. चेहरा अगदी शेवटी. दोन-तीन मिनिटांत बाहेर पडावे. या भागातले वृद्ध ढीवर, म्हणजे मासेमार, ही सारी पद्धत एका वाक्यात सांगतात, "आधी पायाले पानी वळखू द्या जी, मंग आंगाले," आणि त्यात भर घालण्यासारखे फारसे काही मला आढळलेले नाही. पुढे पोहू लागल्यावर काठापासून आत न जाता काठाला समांतर पोहावे, म्हणजे कोणत्याही क्षणी पाय टेकवता येतात. एकट्याने कधीही उतरू नये. आणि अंगाशी दोरीने बांधलेली एखादी रंगीत, हवा भरलेली वस्तू बरोबर असावी, जी काठावरच्या सोबत्याला धुक्यातूनही दिसेल. अकस्मात धाप लागलीच तर हातपाय झाडण्याऐवजी उताणे होऊन, कान पाण्यात बुडवून, तरंगत राहावे; श्वासाचा तो वेग मिनिट-दीड मिनिटात ओसरतो. मालवणच्या खाऱ्या पाण्यात पोहून आलेल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की तलावाचे गोडे पाणी समुद्राच्या मानाने हलके असते आणि त्यात अंग जरा खोल बसते. पाण्याचे जितके अंश तितकी मिनिटे, असा एक ठोकताळा परदेशी प्रचलित आहे, पण नवशिक्याच्या हाती तो देणे मला धोक्याचे वाटते, कारण त्या हिशोबाने अठरा अंशांच्या पाण्यात पहिल्याच दिवशी अठरा मिनिटे काढण्याचा मोह होतो.

तलावाचे म्हणून काही धोके समुद्राहून निराळे आहेत. कोहळ्यांनी तलाव बांधले ते उताराच्या सखल बाजूला मातीची पाळ घालून; त्यामुळे पाण्याची सर्वांत जास्त खोली पाळीलगतच असते आणि समोरच्या, पाणी जेथून येते त्या बाजूला तळ हळूहळू चढत जातो. परंतु घाटाच्या पायऱ्या, रस्ता आणि मोटारसायकली उभ्या करायला जागा ही सारी पाळीच्या बाजूला, म्हणून नवखा माणूस नेमका सर्वांत खोल जागी उतरतो. पाणी सोडण्याच्या दारापाशी तर जाऊच नये. अलीकडे तलावांतील गाळ यंत्राने उपसून शेतात नेण्याच्या योजना ठिकठिकाणी झाल्या. तलावांच्या दृष्टीने ते हिताचेच झाले, परंतु यंत्राने तळ कोरताना काही ठिकाणी उभ्या कडांचे खड्डे राहून गेले आहेत, आणि गुडघाभर पाण्यात चालणाऱ्याचे पुढचे पाऊल एकदम गळ्याइतक्या पाण्यात पडावे असा प्रकार होतो. उन्हाळ्यात, पाणी आटलेले असता, तलावाचा तळ एकदा डोळ्यांनी पाहून ठेवलेला असणे ही म्हणूनच मोठी पुंजी आहे. कमळाचे आणि शिंगाड्याचे वेल जेथे दाट आहेत तेथे पाय गुंततात. काठावर बेशरमची झुडपे माजलेली असतील तर आतल्या पोहणाऱ्याला बाहेरचा आणि बाहेरच्याला आतला दिसत नाही. अंगावर उघडी जखम असता उतरू नये, आणि गुरे जेथे धुतात त्या बाजूचे पाणी तोंडात जाऊ देऊ नये, हे सांगायला नकोच.

सर्वांत फसवी वस्तू मात्र जाळे. ढीवर बांधव संध्याकाळी डोंग्यातून जाऊन जाळी लावतात आणि पहाटे ती काढतात, म्हणजे पोहणाऱ्याला जी वेळ हवी तीच त्यांचीही. नायलॉनच्या बारीक तंतूचे हे जाळे पाण्यात अजिबात दिसत नाही. दिसते ती केवळ वर तरंगणाऱ्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्यांची किंवा थर्माकोलच्या तुकड्यांची रांग, आणि तिचा अर्थ ज्याला ठाऊक नाही तो तिलाच शर्यतीची खूण समजून तिकडे पोहत जातो. पायाचे बोट एकदा त्या तंतूत अडकले की सोडवण्याच्या धडपडीत दुसरा पायही गुंततो, आणि गारठलेल्या बोटांनी गाठ सुटत नाही. म्हणून उतरण्याच्या आदल्या दिवशी त्या तलावाच्या ढीवरांना भेटून जाळी कोठे आहेत, खोल कोठे आहे, आणि कोणत्या बाजूला उतरावे हे विचारून घ्यावे.

असे विचारणे हा केवळ शहाणपणा नव्हे, तो हक्काचाही प्रश्न आहे. तलाव रिकामे दिसतात तसे ते बेवारस नसतात. गावातील कोणाला कोणत्या पाण्यावर सिंचनाचा, मासेमारीचा, गुरांना पाजण्याचा किंवा निस्ताराचा, म्हणजे घरगुती गरजांपुरत्या वापराचा, काय अधिकार आहे, याच्या नोंदी महसुली बंदोबस्ताच्या काळापासून वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक या दस्तऐवजांत होत आल्या, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमानेही विदर्भातील या दोन्ही दस्तऐवजांना स्थान दिले आहे. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आल्यावर तलाव सरकारजमा झाले. आज त्यांतील बहुतेक जिल्हा परिषदेच्या किंवा पाटबंधारे खात्याच्या अखत्यारीत असून मासेमारीचे ठेके ढीवरांच्या सहकारी संस्थांकडे असतात. तेव्हा शहरातून आलेल्या पोहणाऱ्याचे स्थान तेथे पाहुण्याचे आहे. पाण्यावरच्या हक्कांची ही जुनी व्यवस्था निर्दोष होती असेही कोणी समजू नये. कोणत्या जातीने कोणत्या घाटावर उतरावे याचे निर्बंध आपल्या देशातील पाणवठ्यांवर शतकानुशतके होते, आणि सार्वजनिक तळ्याचे पाणी सर्वांचे आहे हे सिद्ध करण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना महाडला सत्याग्रह करावा लागला. नवेगावबांधसंबंधी एक इशारा. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे त्या जलाशयाची मोहिनी मराठी वाचकावर पडलेली आहे. परंतु तो परिसर राष्ट्रीय उद्यानाचा आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा आहे, हिवाळ्यात तेथे दूरदेशीचे पक्षी उतरतात, आणि तेथे पोहण्याची इच्छा आवरलेलीच बरी. बोदलकसा, चोरखमारा, इटियाडोह यांसारख्या ठिकाणीही वन आणि पाटबंधारे खात्यांच्या परवानगीवाचून पाय घालू नये. इटियाडोहजवळच्या गोठणगाव परिसरात १९७० नंतरच्या काळात तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली, आणि तेथील कुटुंबे हिवाळा आला की गावोगावी स्वेटर विकायला बाहेर पडतात. थंड पाण्याच्या काठावरूनच उबेचा व्यापार निघावा ही गोष्ट मला नेहमीच गमतीची वाटते.

कोणी उतरू नये हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. हृदयविकार, अनावर रक्तदाब, दमा किंवा अपस्मार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी वैद्याच्या सल्ल्यावाचून या वाटेला जाऊ नये, हा नियम जगभर आहे. परंतु पूर्व विदर्भापुरता त्यात एक ठळक नियम जोडणे आवश्यक आहे, तो सिकलसेलचा. या भागातील आदिवासी आणि अन्य अनेक समाजांत हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि थंडीने रक्तवाहिन्या आकसल्या की विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी त्यांत अडकून हाडासांध्यांत असह्य वेदनांचा झटका येतो. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाला गार पाण्यात पोहणे वर्ज्यच आहे. जुलै २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलनाची मोहीम चालू असून सरकारी आरोग्य केंद्रांतून त्याची तपासणी होते. ज्याने ती केलेली नाही अशा झाडीपट्टीतल्या तरुणाने पोहण्याआधी ती करून घ्यावी. मोहाची दारू घेऊन उतरणाऱ्यांविषयी काय लिहावे? मद्याने अंगात ऊब आल्याचा भास होतो, प्रत्यक्षात कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैलावून ऊब बाहेर पडते, आणि केव्हा परतावे हे सांगणारी बुद्धीही सैलावते.

पाण्यातून बाहेर आले म्हणजे संपले असेही नाही. काठावर आल्यावर दहा-पंधरा मिनिटे शरीराचे आतले तापमान आणखी खाली उतरत राहते, आणि पाण्यात ठणठणीत असलेला माणूस कपडे घालताना थडथडू लागतो. ओले कपडे तत्काळ उतरवून अंग कोरडे करावे, आधी छाती-पाठ झाकावी, मग डोके, मग पाय. ऊन ऊन चहा प्यावा, गुळाचा असेल तर उत्तम. शेकोटीपाशी बसावे, पण बधिर झालेले हात जाळाच्या फार जवळ नेऊ नयेत, कारण भाजत असल्याचे त्यांना कळत नाही. आणि थरथर थांबेपर्यंत मोटारसायकलला किल्ली लावू नये. हिवाळी पहाटेच्या वाऱ्यात, हुडहुडत्या हातांनी ब्रेक दाबीत तिरोड्याच्या किंवा अर्जुनी-मोरगावच्या रस्त्याने जाणे हे मला तलावापेक्षा अधिक धोक्याचे वाटते.

या सर्व खटाटोपाचा लाभ काय, असे कोणी विचारील. परदेशात नैराश्यापासून मधुमेहापर्यंत अनेक व्याधींवर या स्नानाची मात्रा सांगितली जाते. त्यातील पुष्कळ दावे अद्याप पुराव्यावाचून उभे आहेत आणि ते शास्त्र म्हणून छापू नयेत असे माझे मत आहे. स्नानानंतर तास-दोन तास मन प्रसन्न आणि चित्त एकाग्र राहते, हे मात्र करणारे बहुतेक सांगतात. मला तेवढे पुरेसे वाटते.

जिल्हा परिषदेने आणि ग्रामसभांनी मनावर घेतले तर याची सोय फारशा खर्चावाचून होण्यासारखी आहे. प्रत्येक तालुक्यात एखादा मामा तलाव निवडून त्याच्या उथळ बाजूला शंभर हातांची जागा गाळ, बेशरम आणि वेल काढून मोकळी करावी, तिच्याभोवती तरंगत्या दोरीची हद्द आखून त्या हद्दीत जाळी लावू नयेत असे ठरवावे, काठावर दोन ट्यूब आणि एक लांब बांबू ठेवावा, स्त्रियांना कपडे बदलण्यासाठी आडोसा उभारावा, आणि कोजागरीपासून माघी पौर्णिमेपर्यंत पहाटे दोन तास पहाऱ्याला ढीवर संस्थेतील दोन तरुण मानधनावर नेमावेत. मानधन किती असावे आणि बाहेरगावच्या पोहणाऱ्यांकडून ते किती वसूल करावे, हे ठरवताना संस्थेच्या सभासदांना पहिल्या बैठकीपासून बरोबर घ्यावे; जाळी हलवावी लागतील ती त्यांचीच.